एकतीस फुटांची डोलकाठी

अहो, घरात का ठेवली म्हणून मलाच काय विचारता, बाहेर ठेवू देतंय कोण! डोलकाठी हो, शिडाच्या बोटीची, इथे मास्ट म्हणतात तिला... तुम्हाला सांगतो, मी गुरुदत्त, मूळचा नागपूरचा, फुटाळा तलावापलीकडे पाणी पाहिलेलं नाही, चाळीस वर्षं न्यू जर्सीत औषधांच्या कारखान्यांचे पाइप डिझाइन केले आणि रिटायर झाल्यावर, सहासष्टाव्या वर्षी, बोट घेतली. काय चुकलं? लोक गोल्फ खेळतात, मी शीड उभारतो! वारा भरला ना शिडात, की बोट अशी कलते आणि सगळे आवाज बंद, इंजिन नाही, फोन नाही, नुसतं पाणी... असो.

ऑक्टोबर आला, बोट पाण्याबाहेर काढून स्टँडवर ठेवली आणि मरीनाचा, म्हणजे बोटींच्या तळाचा, मालक फ्रँक म्हणाला, "गुरू, मास्ट खाली काढावा लागेल, हिवाळ्यातल्या वाऱ्यात बोट स्टँडवरून पडते." म्हटलं, काढ बाबा. काढली. मग म्हणतो, "आमचा रॅक फुल आहे, टेक इट होम!" होम? अरे, छत्री आहे का ती? एकतीस फूट, आणि घडी होत नाही!

तरी बिचाऱ्याने स्वतःच्या ट्रेलरवरून एडिसनला आमच्या घरापर्यंत आणून दिली. मी मागच्या कुंपणाला लावून ठेवली. तिसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र! काय, तर "आपल्या आवारातील पाइप त्वरित हलवावा." पाइप! चाळीस वर्षं मी पाइप केले, मला पाइप ओळखता येत नाही? पण वाद कोणाशी घालणार, पत्राला तोंड नसतं. मग राहिलं काय? गॅरेज. गॅरेज वीस फूट. उरलेल्या अकरा फुटांचं काय करू, कापू? तर ते अकरा फूट गॅरेजच्या आतल्या दारातून किचनमध्ये आणि किचनमधून थेट डायनिंग रूममध्ये, लाकडी घोड्यांवर, बरोब्बर कमरेच्या उंचीला.

पद्मजा, म्हणजे आमच्या सौ., बघत उभी. "अहो, आणि हे दार?"

"दार... एप्रिलपर्यंत लागणार नाही."

दाराला रजई टांगली हो मी! बाहेर बर्फ, आणि पद्मजा कोट घालून फोडणी देतेय! स्वयंपाक काठीच्या अलीकडे, बाथरूम काठीच्या पलीकडे, वाकल्याशिवाय कुठेच जाता येत नाही. मुलगी बॉस्टनला, तिला फोन केला तर सावनी म्हणते, "बाबा, जस्ट मूव्ह इट!" कुठे मूव्ह करू, सांगा ना! एकतीस फूट, आणि घडी होत नाही!

आणि त्यात आली संक्रांत. बावीस बायका हळदीकुंकवाला! "कॅन्सल कर," म्हटलं. "तीस वर्षांत केलं नाही, आता एका काठीपायी करू?" पैठण्या नेसलेल्या बायका वाकून वाकून पलीकडे जातायत, उत्तराकाकूंचा अंबाडा सुटला, आणि शोभनामावशी, दोन्ही गुडघे बदललेले, त्यांना काही वाकता येईना. बसल्या अलीकडे, किचनमध्ये, एकट्या, कोट घालून. तिळगूळ काठीवरून हातोहात दिला त्यांना. सगळ्या हसत होत्या... मीही हसलो.

सगळ्या गेल्यावर पद्मजा खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं हो. हळूच म्हणाली, "माझ्या घरात मी वाकून चालते."

संपलं. दुसऱ्याच दिवशी मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी स्वतः टाकलं, बोट विकणे आहे.

रविवारी बोट बघायला देवांग आला. तिशीतला, इथेच जन्मलेला, डेंटिस्ट. आम्ही मरीनात गेलो, पांढऱ्या प्लास्टिकच्या आवरणाखाली तो बोटीत चढला, सुकाणूला हात लावून म्हणाला, "वाऊ, काका." एवढंच. त्याचे डोळे बघितले आणि कळलं, हाही गेला कामातून. सह्या झाल्या. मग मी गाडीत दहा मिनिटं नुसता बसून राहिलो... थंडी होती, दुसरं काही नाही.

घरी आणला त्याला, म्हटलं, ही तुझी काठी, घेऊन जा. तो बघतो या टोकापासून त्या टोकापर्यंत. "काका, अ‍ॅक्च्युअली, माझं वन बेडरूम आहे, सेव्हन्थ फ्लोअर, आणि लिफ्ट..." बरोबर आहे, एकतीस फूट, आणि घडी होत नाही! मी ताठ उभा राहिलो, नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून गरम उपमा घेऊन पद्मजा आली, झटकन काठीखालून वाकून, आणि काय म्हणाली माहितीये?

"राहू दे रे बाळा एप्रिलपर्यंत. आम्हाला काय अडचण आहे!"

आता बोट त्याची, आणि काठी माझ्या डायनिंग रूममध्ये. शनिवारी त्याचा मेसेज आला, "काका, मास्ट अधूनमधून पुसता का, प्लीज?"

पुसतो.