हिरव्या दारवाल्या आजी

थोरली : साइटचाच घोळ असेल गं. महिन्याच्या सुरुवातीला होतं असं कधीकधी. तू हात लावू नकोस, मी घरी जाऊन बघते.

धाकटी : मी बघितलंय. सकाळपासून तुझा फोन लागेना, म्हणून स्वतःच उघडली साइट.

थोरली : तू? तू तर म्हणायचीस, साबण माझा, साइट तुझी.

धाकटी : आज म्हटलं, आपलं दुकान आतून कसं दिसतं ते तरी बघावं. दर महिन्याची सोळा गिऱ्हाइकं आपली. एकदा नाव नोंदवलं की दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातात आणि साबण घरपोच. तूच शिकवलंस मला. आज त्यातल्या बारा जणांचे पैसे कापलेच गेले नाहीत.

थोरली : बँकेचा काहीतरी...

धाकटी : बाराही नावांपुढे एकच वाक्य. 'कार्डाची मुदत संपली आहे.' बारा माणसांची कार्डं एकदमच संपली, ताई. कार्डांची साथ आलीय का गावात?

थोरली : असतो एखादा योगायोग.

धाकटी : आणि बाराही कार्डांचे शेवटचे आकडे सारखे? ते आकडे मला पाठ आहेत. साबणाचे हे साचे मी तुझ्याच कार्डावर मागवले होते. बोल ना. एरवी तुला गप्प करायला कुलूप आणावं लागतं.

थोरली : तू आधी बस.

धाकटी : बसू कुठे? दोन्ही खुर्च्यांवर या महिन्याची पार्सलं आहेत. तुझीच आहेत. तूच उचल आणि तूच बस.

थोरली : हे बघ, ऐकून तर घे. सुरुवातीला दोघीतिघीच घेत होत्या. तू या ओट्याशी उभी राहून रडायचीस. माझं नशीबच फुटकं म्हणायचीस. मला बघवेना. म्हटलं, दोनचार नावं आपणच घालू, हिला धीर येईल. खरी माणसं आली की आपली हळूच काढून घेऊ.

धाकटी : मग आली खरी माणसं?

थोरली : चार झाली की.

धाकटी : त्यातली एक तुझी नणंद.

थोरली : ती स्वतःच्या पैशानं घेते हं!

धाकटी : तुझ्या धाकानं घेते. म्हणजे खरी तीन. आणि पार्सलं? ती कुठे जायची? 'तू दमलीस, मी टाकते कुरियरला,' म्हणून गाडीत घालून न्यायचीस. मी खिडकीतून बघायची. वाटायचं, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं.

थोरली : जपून ठेवलीत सगळी. एक वडी वाया घालवलेली नाही.

भावोजी : (दारातून) काय मेहुणीबाई, माल तयार? गाडी आडवी लावलीय, लोक शिव्या घालतायत. आणि आधीच सांगून ठेवतो, या वेळी पोटमाळ्यावर तिळाएवढी जागा नाही. मागच्या वेळचे खोके पलंगाखाली सारले, आता मलाच पलंगाखाली झोपावं लागेल.

थोरली : अहो, गप्प बसा ना.

भावोजी : का? घरच्या घरी कसली लाज? आमच्याकडे भांडी साबणानं, कपडे साबणानं, गाडी साबणानं. माणसं एवढी स्वच्छ झालीत की ओळखू येत नाहीत.

धाकटी : भावोजी, तुम्हाला सगळं माहीत होतं?

भावोजी : म्हणजे काय! तुम्हा दोघींनी मिळूनच ठरवलं ना? दुकान भरलेलं दिसावं, म्हणून सुरुवातीला घरचीच गिऱ्हाइकं. ही म्हणाली, धाकटीची संमती आहे. म्हणून तर मी पोत्यासारखा ओझी वाहतोय.

धाकटी : माझी संमती.

भावोजी : ...असं नव्हतं? अगं, काय ऐकतोय मी हे? मलाही गुंडाळलंस?

थोरली : तुम्ही खाली थांबता का जरा?

भावोजी : थांबतो. गाडी तरी सरळ लावतो, तेवढंच सरळ होईल. मेहुणीबाई, एक सांगू? साबण मात्र चांगला आहे हो. तो बिनवासाचा तर विशेष. तेवढं खोटं नाही. येतो.

धाकटी : बिनवासाचा. तो मी हिरव्या दारवाल्या आजींसाठी केला.

थोरली : हो.

धाकटी : ताई, त्या बारांत आजीही आहेत. मी तीनतीनदा बघितलं. म्हटलं, निदान आजी तरी खऱ्या असतील. एखाद वेळी तू त्यांच्या वतीनं भरत असशील. म्हाताऱ्या बाईला जमत नसेल.

थोरली : नाही गं.

धाकटी : पत्त्यातलं ते हिरवं दार?

थोरली : सुचलं.

धाकटी : 'बेल बिघडली आहे, कडी वाजवा.' हेही सुचलं? खोक्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहायची. कुरियरवाला बेल दाबत राहील, आजी आत वाट बघत बसतील, म्हणून. एकदा पावसात अक्षरं पुसतील म्हणून वर चिकटपट्टी लावली. तू शेजारी बसून कापून दिलीस चिकटपट्टी!

थोरली : मला तेव्हाच सांगायचं होतं.

धाकटी : आणि तो त्यांचा अभिप्राय? 'बाळ, वास फार उग्र आहे, अंगाला खाज सुटते.' दोन दिवस अन्न गोड लागलं नाही मला. घाणेच्या घाणे फुकट घालवले, तेव्हा कुठे तो बिनवासाचा जमला.

थोरली : खाज खरी होती. माझ्या हातांना सुटायची.

धाकटी : मग तोंडानं सांगायचं! इथे बसून नाकाला वडी लावून म्हणायचीस, 'वा, काय सुगंध आहे!'

थोरली : तू इतकी खुशीत असायचीस. धीर नाही झाला.

धाकटी : मला खरं सांगायला तुला आजी व्हावं लागलं.

थोरली : चुकलं माझं. पण वाईट करायचं नव्हतं गं कधी.

धाकटी : परवा माझ्या जुन्या प्रयोगशाळेतून मॅडमचा फोन आला. तुझी जुनी जागा रिकामी आहे, परत ये म्हणाल्या. मी इथेच उभी होते आणि तू तिथे, चहा ढवळत. मी काय म्हटलं त्यांना?

थोरली : राहू दे ना आता.

धाकटी : म्हटलं, 'नाही जमणार मॅडम, माझी माणसं दर महिन्याला वाट बघतात.' तुझा चमचा थांबला होता. मला वाटलं, अभिमानानं थांबला. तेव्हा एक शब्द बोलली असतीस! खोकली असतीस तरी चाललं असतं!

थोरली : मला वाटलं, एवढ्यात वाढेल दुकान...

धाकटी : खरं सांग. आजी होऊन सांग हवं तर.

थोरली : ...नोकरी सोड म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. आईसमोर, सगळ्यांसमोर छाती ठोकून म्हटलं होतं, दुकान उभं करून दाखवते. तू परत गेली असतीस तर सगळे मला हसले असते.

धाकटी : हं. म्हणजे धीर तुला हवा होता. मला नाही.

थोरली : मी बोलते मॅडमशी. आत्ता लावते फोन. पाया पडते त्यांच्या.

धाकटी : जागा भरली. मी विचारलं सकाळी.

थोरली : अगं मग असं करू या. माझं नवं कार्ड आलंय, हे बघ, पर्समध्येच आहे. नवे आकडे घातले की पाच मिनिटांत सगळे पूर्ववत चालू होतील. खरी गिऱ्हाइकं मिळेपर्यंत दोनचार महिने...

धाकटी : ठेव ते आत.

थोरली : तुझ्यासाठीच म्हणतेय गं!

धाकटी : आत ठेव म्हटलं ना! लॅपटॉप पुढे ओढ. एकेक नाव उघड आणि बंद कर. माझ्यासमोर.

थोरली : बाराही?

धाकटी : बाराही. उरलेल्या चौघांचे खोके मी स्वतः टाकून येईन. तुझ्या नणंदेचा तिला विचारून.

थोरली : ...हे एक झालं. हे दुसरं. अगं, निदान आजींचं तरी राहू दे. तो साबण मी खरंच वापरते.

धाकटी : आजींचं उघड.

थोरली : उघडलं. बंद करायचं कारण विचारतंय. त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

धाकटी : तूच बसवलंयस ते. गिऱ्हाईक का सोडून जातं हे कळायला हवं, म्हणालीस.

थोरली : 'आता गरज नाही.' 'परवडत नाही.' 'माल पसंत पडला नाही.' 'इतर.' यातलं एकही नाही. आणि 'इतर'मध्ये स्वतः लिहावं लागतं. काय लिहू?

धाकटी : मला काय विचारतेस? गिऱ्हाईक तू आहेस.