आज काहीच करायचं नाही

थेरपिस्ट : आणि चमचा? बिट्टी चमचा स्वतः धरते?

आई : नाही. मी भरवते.

थेरपिस्ट : रोज?

आई : रोज.

आत्या : अगं, काय सांगतेस काय? परवा माझ्यासमोर वाटीभर भात संपवला की तिनं. अर्धा फ्रॉकवर सांडला, ते सोड.

आई : ताई, मॅडम मला विचारताहेत.

आत्या : मग नीट सांग ना. मॅडम, मी हिची आत्या. आमची बिट्टी आठ वर्षांची आहे, पण सगळ्या घराला पुरून उरते. तिला कमी लेखू नका बरं.

थेरपिस्ट : कमी लेखायचा प्रश्नच नाही. दर वर्षीच्या या तपासणीत प्रश्न सगळ्या मुलांना तेच असतात. चालणं, हात, बोलणं, प्रत्येकाच्या पाच पातळ्या. पहिली म्हणजे सगळं बिनमदतीचं, पाचवी म्हणजे सगळं दुसऱ्याच्या हातून. बरं, घरात वॉकर घेऊन फिरते का?

आई : नाही. उचलून न्यावं लागतं.

आत्या : अगं...

आई : ताई, तुम्ही बाहेर बसता का जरा?

आत्या : मुळीच नाही. एवढी गाडी चालवत घेऊन आले ती काय बाहेरच्या बाकावर बसायला?

थेरपिस्ट : बसू दे त्यांना. बिट्टी, ही पेन्सिल घेतेस? लाल आहे बघ. नको? बरं, मग माझं बोट धर. तेही नको?

आई : तिला नाही जमत, मॅडम. बघताय ना तुम्ही.

थेरपिस्ट : बघतेय. तळहात दाखव गं तुझा. हे घट्टे कशाचे, बिट्टीची आई?

आई : असतील कशाचे तरी.

थेरपिस्ट : वॉकरची मूठ रोज आवळून धरल्याशिवाय असे घट्टे पडत नाहीत. बुटांची टोकंही झिजलीत. उचलून नेतात त्या मुलांचे बूट नव्यासारखे राहतात.

आत्या : बघ, मी सांगत होते. लोक आपल्या लेकरांचं कौतुक करताना थकत नाहीत, आणि तू अशी पाण्यात बघतेस पोरीला?

आई : कौतुक केलं होतं मागच्या वर्षी. तोंड भरून केलं. त्याचं काय झालं, तेही सांगू?

थेरपिस्ट : सांगा. मला ते ऐकायचंय.

आई : तुमच्या जागी तेव्हा एक सर होते. इथे यायचं म्हणून मी हिच्याकडून किती तयारी करून घेतली होती. वॉकर बाजूला ठेवायचा, भिंतीला धरून जायचं. पडली की पुन्हा उठवायची. आणि त्या दिवशी ही या दारापासून त्या खिडकीपर्यंत चालत गेली. सरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तिसरी पातळी होती, ती दुसरी झाली. घरी जाऊन सगळ्यांना फोन केले मी.

आत्या : मलाही केला होतास. आनंदानं रडत होतीस.

आई : नंतर शाळेनं हिची मदतनीस मावशी काढून घेतली. मावशी तिसऱ्या पातळीपासून पुढच्या मुलांनाच मिळते म्हणे. ही चालते, मग हिला मावशी कशाला?

थेरपिस्ट : शाळेतलं बाथरूम कुठे आहे?

आई : व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दार इतकं जड की मलाच खांदा लावावा लागतो. वाटेतच व्हायचं हिला. शाळा सुटेपर्यंत ओल्या कपड्यांत बसायची. शेजारच्या मुलीनं तर बाक सरकवून घेतला. मग हिनं आपल्या मनानंच उपाय शोधला. शाळेत पाणीच प्यायचं नाही.

आत्या : थांब. मध्यंतरी तापानं फणफणली होती, दवाखान्यात ठेवलं होतं, ते...

आई : त्यामुळेच. पाणी न प्यायल्यानं लघवीचा संसर्ग झाला होता. तुम्हाला मी नुसता ताप म्हणून सांगितलं. काय तोंडानं सांगणार होते? माझ्या लेकीची मावशी मीच घालवली, ताई. टाळ्या वाजवून घालवली.

आत्या : मला एका शब्दानं बोलली नाहीस तू. आणि मी वेडी, हिच्या चालण्याचं गावभर सांगत सुटले होते.

थेरपिस्ट : बिट्टीची आई, थोडं पाणी घ्या. आता माझं ऐका. तुम्ही आज सांगितलंत तसंच मी लिहिलं, तर ही चौथ्या नाहीतर पाचव्या पातळीत जाईल. मावशी मिळेल. पण इथून दिलेला वॉकर परत मागतील, चाकाची खुर्ची देतील. चालण्याचे व्यायाम बंद होतील. आणि शाळा हिला वेगळ्या वर्गात बसवायला बघेल.

आई : वॉकर परत मागतील? हे मला कुणीच सांगितलं नाही.

थेरपिस्ट : तुम्हाला बरंच काही सांगायला हवं होतं. सरांनी या खोलीत दिसलं तेवढ्यावर ठरवलं, ते चुकलं. एखाद्या चांगल्या दिवशी काय जमतं, हे विचारायचं नसतंच. एरवी, रोजच्या रोज काय होतं ते विचारायचं असतं. गर्दीच्या व्हरांड्यात, दुपारी दमल्यावर, त्या जड दारापाशी.

आई : मग तिसरी येईल ना परत?

थेरपिस्ट : तिसरी यावी म्हणून मी विचारणार नाही. जे आहे ते लिहीन, दारासकट लिहीन. पण मावशी द्यायची की नाही ते शाळेची समिती ठरवते. माझ्या हातात नाही.

आई : म्हणजे खरं सांगायचं, आणि तरीही नशिबात असेल तर मिळणार.

थेरपिस्ट : हो. तुम्हाला खोटी आशा लावून मी काय मिळवणार?

आत्या : सांग बाई खरं. तो वॉकर गेला तर पोर खचेल. त्याच्यावर स्टिकर चिकटवून ठेवलेत तिनं.

आई : विचारा. पहिल्यापासून विचारा.

थेरपिस्ट : चमचा?

आई : घरी धरते. सांडते, पण आपल्या हातानं खाते. शाळेत नाही. तिथे मुली बघत बसतात, हिचा हात जास्तच थरथरतो. डबा तसाच परत येतो.

थेरपिस्ट : आणि वॉकर?

आई : घरभर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायावर घालते. शाळेत सकाळी बरी असते. दुपारनंतर पाय ओढते, मग जागची उठतच नाही.

थेरपिस्ट : हे मला हवं होतं. बिट्टी, आता घे बघू ती पेन्सिल.

आत्या : घे ना गं. अशी काय हात बांधून बसलीस?

आई : मीच सांगितलंय तिला. काल झोपवताना सांगितलं, उद्या तिथे काहीच करायचं नाही, हात मांडीवर ठेवून बसायचं. तर मला विचारते, मला येतं ते वाईट असतं का?

थेरपिस्ट : तुम्ही काय म्हणालात?

आई : झोप म्हटलं.

आत्या : अरे देवा.

आई : बिट्टी, राजा, माझं चुकलं. येतं ते वाईट नसतं गं कधी. घे ती पेन्सिल. तुला जे जे येतं ते सगळं दाखव मॅडमना.

बिट्टी : मावशी... येणार?

आई : ते त्यांनाच विचार.

बिट्टी : मावशी येणार का?

थेरपिस्ट : मला माहीत नाही, बिट्टी. मी खरं लिहीन. मावशी येईल की नाही, ते मला सांगता येत नाही.

(बिट्टी एक हात मांडीवरच ठेवते आणि दुसऱ्या हातानं पेन्सिल उचलते.)

बिट्टी : मग एकाच हातानं दाखवते.