जिन्याखालचा गारवा

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. आत नणंदेच्या आईला सलाईन लावलेलं होतं.

“ऊन लागलं? अहो वहिनी, आई तर घराबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही.”

“माडीवरच होत्या हो, आपल्या खोलीत. वर पत्रा आहे ना.”

“आणि ते विद्यापीठवाले? कुणाचं घर किती तापतं ते मोजत होते ना?”

“मोजतायत की. तिघं आले होते. एक इंजिनिअर, एक डॉक्टरीण आणि एक समाजशास्त्रवाली. ती तर नुसती विचारतच सुटली. उकडलं की काय करता? म्हटलं, काय करणार बाई, उकडून घेतो.”

“मग?”

“आईंच्या खोलीत यंत्र टांगून गेले. आकडे तिकडे आपोआप जातात. परवा फोन आला, तुमच्या घराला धोका नाही. पत्रा कमी तापावा म्हणून पांढरा रंग देणार आहेत, तो आधी बाकीच्यांना.”

“धोका नाही? त्या भट्टीत?”

“आता रागावू नका, ताई. परक्याची महागाची वस्तू. तापून बिघडली असती तर आपलंच नाव खराब. म्हणून मी ती पहिल्याच दिवशी खाली आणली, जिन्याखाली. भर दुपारीसुद्धा काय गारवा असतो तिथे!”

“मग तिथे आईची खाट मावत नाही का?”

“मावते की. पण मग यंत्र कुठे ठेवायचं?”