पंचमीचं पाणी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. वाडवडिलांनी घालून दिलेलं पाळणं, ही भक्ती, मान्य? मग ज्या हवेत त्यांनी ते घालून दिलं ती हवाच उरली नाही, तरी तेच पाळत बसणं, ही भक्ती की हट्ट? माना डोलवू नका लगेच! आधी ऐका.

वरूडच्या बाजूला एक गाव. तिथले दौलतराव ढोमणे. संत्र्याची तीनशे झाडं, बावीस वर्षांची. दौलतरावांच्या बायकोनं, देवाघरी गेल्या त्या, डोक्यावर घागरी वाहून जगवलेली! तुम्ही संत्रावाले आहात, तुम्हाला काय सांगायचं? पण पुण्याहून जावईबापू आलेत समोर, त्यांच्यासाठी सांगतो. आंब्या बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळचा संत्र्याचा बहार, धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात. त्याला म्हणतात ताण. झाड तहानतं, पानं गाळतं, मग पाणी सोडलं की फुलानं भरून जातं. समजलं ना, जावईबापू? नाही समजलं तरी हो म्हणा, सासरेबुवा बघताहेत!

ढोमण्यांच्या घरची रीत अशी, की ताण तोडायचा तो वसंत पंचमीला. नारळ फोडायचा, पाणी सोडायचं. आज्यानं केलं, बापानं केलं. पंचमी कधी लवकर यायची, कधी उशिरा. झाडं निभावून न्यायची. का? थंडी होती, मंडळी! थंडीत झाड तहान सोसतं.

त्या वर्षी अधिक मास येऊन गेलेला. पंचमी गेली पार फेब्रुवारीच्या मध्यावर! आणि थंडी? पौषात पंखे लावून झोपले लोक. हवामान बदललं, बदललं म्हणतात ना, ते असं न विचारता घरात शिरतं.

दौलतरावांची सून प्रणिता रोज बागेत जायची. खुरपीनं माती उकरून बघायची. एके सकाळी आली नि म्हणाली, "मामाजी, चौथाई पानं पडले. माती कोपराइतकी खोल कोरडी हाय. ताण पुरा झाला. आज पानी सोडा."

"पंचमीले चोवीस दिवस हायेत अजून."

"झाडाईले पंचमी समजते का, मामाजी?"

हसलात? दौलतराव नाही हसले. म्हणाले, "तू काल आली या घरात. मले बाग नको शिकवू."

आणि तिनं ते ऐकलं! विहिरीत पाणी होतं, मोटर धड होती, बटण दाबायचं तेवढं बाकी. पण सासऱ्याचा शब्द. चार दिवसांनी पुन्हा बोलली, तेव्हा दौलतरावांच्याही मनात चलबिचल झाली. माणूस वाईट नव्हता हो! ते गेले देवळात. गावात सप्ताह चालला होता, त्यातल्या कीर्तनकार बुवांना विचारलं. बुवा शहाणे! बागेत न जाता, मातीला हात न लावता सांगून मोकळे, "दौलतराव, घरची रीत मोडू नका."

झालं! पंचमी उजाडली. नारळ फुटला, पाणी सुटलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. फूल कुठंय? दौलतरावांनी फांदीवर नख ओढलं. साल निघाली, आत हिरवं नाही, तपकिरी! दुसरी फांदी, तीच गत. तिसरं झाड, तीच गत. चार-दोन झाडांना फूल आलं, तेही फाल्गुनाच्या उन्हानं खाली पाडलं. पावसाळ्यापर्यंत तीनशेतली जवळजवळ सगळी झाडं वाळली. बायकोनं पाणी वाहिलेली झाडं, मंडळी! दौलतराव बांधावर बसून रडले. सुनेला म्हणाले, "पोरी, चुकलो मी. आता तू म्हनशीन तवा पानी सोडू."

प्रणिता काय म्हणाली? वरच्या आवाजात नाही, टोमणा नाही. "मामाजी, आता कोनाले सोडू?"

पेटी थांबवा, महाराज. तबलाही थांबवा.

तो देवळातला बुवा कोण होता, ठाऊक आहे? मी. हाच फेटा, हीच वीणा. लोकांनी वाहवा केली होती त्या दिवशी माझ्या उत्तराची, आणि मला ती गोड लागली होती. आज सहा वर्षं झाली. संत्र्याचं फळ प्रसादात आलं, की मला ते सोलवत नाही.

मंडळी, आज्यानं तिथी पाळली ती झाडाकडे बघून. आपण झाड सोडलं नि तिथी धरली. देव काही आपल्या हट्टासाठी थंडी आणून देणार नाही. ती आपणच सगळ्यांनी मिळून घालवली आहे. आणि तुमच्या घरात कुणीतरी रोज माती उकरून बघणारी आहे. सून असेल, लेक असेल. ती सांगत असेल, आणि तुम्ही म्हणत असाल, तुला काय कळतं!

म्हणून आज आरती झाल्यावर माझ्या पाया पडायला रांग लावू नका. नामाचा गजर करा, आणि सरळ घरी जा. जिचं बोलणं मधेच तोडलंत, तिच्यासमोर बसा. ती काय सांगत होती ते विचारा. झाडं हिरवी आहेत तोवर विचारा.