स्वगताला आलेलं उत्तर

कानाच्या डॉक्टरांकडे शिंपीणबाई नंबर धरून बसल्या होत्या. शेजारी एक नट आणि त्याची थोरली बहीण.

"ताई, माझ्या स्वगतात मधेच कोणीतरी उत्तर देतं गं."

"प्रॉम्प्टर असेल."

"प्रॉम्प्टर पुढचं वाक्य सांगतो. हा उत्तर देतो! मी म्हणतो, 'या घरात मी एकटाच उरलो.' हा म्हणतो, 'नाही रे, मी आहे ना.' की माझी बोबडी वळते. आज पुन्हा अडलो तर भूमिका गेलीच."

"म्हणजे ते नाटकात नाहीये?"

"काय?"

"ते दुसऱ्याचं वाक्य. मी तिसऱ्या रांगेतून ऐकलं की! टाळीसुद्धा त्यालाच पडली."

"अगं, स्वगत म्हणजे एकट्याचं बोलणं!"

"मला मेलीला काय कळतं? पण मग कान दाखवून काय होणार? त्याचं बोलून झालं की तू पुढचं बोल. म्हण बघू इथेच."

नटाने घसा खाकरला.

"या घरात मी एकटाच उरलो."

"नाही रे, मी आहे ना."

"मग दिवा कोणासाठी लावू?" नट न अडखळता पुढचं वाक्य बोलला.

"शाब्बास!" ताई म्हणाली.

शिंपीणबाई मात्र नंबर सोडून उठल्या. ते उत्तर त्यांना डाव्या कानात ऐकू आलं होतं, आणि तो कान जन्मापासून ठार बहिरा होता.