दोन बटणं

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे एक शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. खिडकीत बसलेल्या ताई तपासणीच्या तारखा देत होत्या.

"डॉक्टरांची तारीख आता तीन महिन्यांनीच मिळेल, मावशी."

"अहो ताई, मानेला गाठ आलीय."

"दुखते का?"

"नाही."

"मग एवढी घाई कशाला?"

"हे बघा शर्टाचं बटण. गेल्या महिन्यात गाठ एवढी होती. आणि हे कोटाचं. आज एवढी आहे."

"बटणं उचला बरं. मागे रांग आहे."

"असू दे. तीन महिन्यांनी येताना कुठलं बटण आणू, तेवढं सांगा. मग जाते."

ताईंनी कोटाचं बटण उचलून पाहिलं.

"सांगा ना."

"बसा तिथे. डॉक्टरांना विचारून येते."

"नुसतं विचारू नका, ताई. बटणं घेऊन जा."