साहेबाला सांगायचा दोष

हिंगोलीच्या बसस्थानकावर गोरेगावच्या गाडीची प्रतीक्षा करीत निवृत्त अबूबकर गुरुजी ध्यानस्थ असल्यासारखे डोळे मिटून बसले होते. कान मात्र शेजारच्या बाकावरील सोजराबाई आणि त्यांची नात सरिता यांच्याकडे लागले होते.

"उद्या परदेशी कंपनीची मुलाखत हाय, आजी. तू साहेब हो अन् माझा दोष विचार."

"बरं. बोला बाई, तुमच्यात दोष कोणता?"

"काम हाती घेतलं की मला तहानभुकेचं भान राहत न्हाई."

"ह्याला दोष म्हणतात व्हय? मग गुण काय सांगशील?"

"क्लासमधी असंच शिकवलं. दोष असा सांगायचा, की साहेबाला गुण वाटावा."

"अन् त्याची फी भरली? मला काहून न्हाई विचारलं? खरे दोष फुकट सांगितले असते. रोज सकाळी तुला उठवता उठवता माझा घसा बसून राहिला."

"हसू नको, आजी. निवड झाली तर मला पुण्याला जावं लागंल."

"मग तिथं तुला उठवील कोण?"

सरिता पुन्हा मुलाखतीला बसल्यासारखी ताठ झाली.

"साहेब, आजीनं हाक मारल्याबिगर मला जाग येत न्हाई."

सोजराबाईंनी पदराने नातीच्या कपाळावरचा घाम टिपला.

"फोन करत जाईन मी. पण हे साहेबाला सांगू नको."